‘झिरो ऑफ वन रिसीव्ह्ड’: इमेज नवी केली की हीटचा स्टॅक का लटकतो

टेम्प्लेट तेच, नेटवर्क तेच, फ्लेवरही तोच. फक्त बेस इमेज, म्हणजे मशीन ज्यावरून उठतं ती तयार डिस्क, नवी घेतली. स्टॅक सुरू होतो, सर्व्हर ‘ॲक्टिव्ह’ दिसतो, एसएसएचने आतही जाता येतं. पण स्टॅक ‘क्रिएट इन प्रोग्रेस’वरून पुढे सरकत नाही, आणि वेट कंडिशनची (मशीनच्या आतून ‘काम झालं’ असा निरोप येईपर्यंत थांबणाऱ्या अटीची) मुदत संपली की इव्हेंटच्या यादीत येतं: वेटकंडिशनटाइमआउट, झिरो ऑफ वन रिसीव्ह्ड. म्हणजे एक निरोप हवा होता, तोही आला नाही.

ओपनस्टॅक या क्लाउड प्रणालीवर हीट, म्हणजे टेम्प्लेट वाचून सर्व्हरचा अख्खा ‘स्टॅक’ उभारणारी सेवा, वापरणाऱ्यांना हा अनुभव एकदा येऊन संपत नाही. आज दुरुस्त करावं, काही महिन्यांनी बेस इमेजची पुढची आवृत्ती घ्यावी, की पुन्हा तेच. आमच्याकडे हे तीनदा झालं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. संदेश मात्र अक्षरशः एकच होता. निरोप नेमका कुठे अडला हे कसं शोधायचं आणि मदतनीस टूल्स इमेजमध्ये कशी बसवायची, हे त्या तीन फेऱ्यांतून जे कळलं तेवढं इथे लिहितो.

टाइमआउट वाढवण्याच्या फंदात पडू नका. संदेशात टाइमआउट हा शब्द असल्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. आम्हीही पहिल्यांदा मुदत वाढवली आणि तेच अपयश उशिरा पाहिलं. निरोप निघालाच नसेल तर १२ तास, म्हणजे ४३२०० सेकंद थांबूनही तो येणार नाही. वेट कंडिशनला याहून जास्त मुदत देताच येत नाही. उलट तपास चालू असेपर्यंत मुदत ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे प्रत्येक फेरीला तास जाणार नाही.

निरोप कोण देतं

हीट सर्व्हरच्या आत डोकावत नाही. नोव्हाने (मशीन चालवणाऱ्या ओपनस्टॅकच्या सेवेने) मशीन चालू झाल्याचं सांगितलं की त्याची माहिती तिथेच संपते. आत पॅकेजेस बसली का, सेवा उभी राहिली का, हे त्या मशीनने स्वतःहून हीटला कळवायचं असतं. ते कळवण्याचं काम ज्यांच्याकडे, ती ही मदतनीस टूल्स. हीट-सीएफएनटूल्स नावाच्या पॅकेजमध्ये सीएफएन-इनिट, सीएफएन-सिग्नल, सीएफएन-हप, सीएफएन-गेट-मेटाडेटा वगैरे मंडळी असतात. ही नावं ॲमेझॉनच्या क्लाउडफॉर्मेशनमधली आहेत, कारण हीटची सुरुवातच त्या टेम्प्लेटशी सुसंगत राहण्यातून झाली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये हवाना आवृत्तीत हीट ओपनस्टॅकच्या एकत्रित रिलीजमध्ये आलं, तेव्हाही हा वारसा सोबत होता. ओपनस्टॅकच्या मशीनमध्ये ऑप्ट-एडब्ल्यूएस-बिन अशी डिरेक्टरी पाहून नवा माणूस चक्रावतो, त्याचं मूळ हे.

दुसरी साखळी सॉफ्टवेअर डिप्लॉयमेंटची. तिथे ओएस-कलेक्ट-कॉन्फिग, ओएस-रिफ्रेश-कॉन्फिग, ओएस-अप्लाय-कॉन्फिग आणि हीट-कॉन्फिगचे हुक (प्रत्येक प्रकारचं काम प्रत्यक्ष चालवणाऱ्या स्क्रिप्ट) असे चार तुकडे इमेजमध्ये लागतात. तिच्याकडे नंतर येतो.

दोन्ही साखळ्यांमध्ये अडचण एकच आहे. टूल इमेजमध्ये असतं, त्याला लागणारा पायथन बेस इमेजचा असतो, काही स्क्रिप्ट हीट स्वतः बाहेरून पाठवतं आणि निरोपाचा पत्ता हीटच्या कॉन्फिगरेशनमधून येतो. या चौघांची आवृत्ती चार वेगळी माणसं बदलत असतात. म्हणून ‘आम्ही तर काहीच बदललं नाही’ हे वाक्य प्रत्येक वेळी खरंही असतं आणि कामाचं नसतंही.

आधी पुरावा जपा

स्टॅक फसल्यावर रोलबॅक चालू असेल तर हीट तो सर्व्हर पुसून टाकतं, आणि लॉगही त्याच्याबरोबर जातात. तपासासाठी स्टॅक करताना रोलबॅक बंद ठेवा. मग बाहेरून दोन गोष्टी बघा: ओपनस्टॅक क्लायंटमधली ‘स्टॅक फेल्युअर्स लिस्ट’ आणि ‘कन्सोल लॉग शो’. कन्सोल लॉग रिकामा आला तर बहुधा इमेजच्या कर्नल पर्यायांत सिरियल कन्सोल, म्हणजे टीटीवाय-एस-शून्य, दिलेला नाही. ही उणीव लगेच भरून काढा. ज्या इमेजमध्ये एसएसएच चालत नाही, तिच्याबाबतीत दुसरं काहीच हाताशी नसतं.

आणि चाचणीसाठी सिरॉस इमेज वापरत असाल तर इथेच थांबा. सिरॉसमध्ये पायथन नाही आणि पूर्ण क्लाउड-इनिटही (बूटच्या वेळी मशीनची मांडणी करणारं टूल) नाही. शेल स्क्रिप्टमध्ये लिहिलेली त्याची छोटीशी नक्कल आहे. हीट जो अनेक भागांचा युजर डेटा (मशीनला आत चालवायला दिलेली स्क्रिप्ट वगैरे) पाठवतं, तो तिला उलगडता येत नाही. सिरॉसवर वेट कंडिशन लटकली म्हणून हीट बिघडलं असा निष्कर्ष काढू नका.

युजर डेटा पोचला का

आत शिरल्यावर पहिला प्रश्न हा. ‘क्लाउड-इनिट स्टेटस’ला ‘लाँग’ पर्याय देऊन चालवा. कोणता डेटासोर्स सापडला ते त्यात दिसतं. ओपनस्टॅक किंवा कॉन्फिग ड्राइव्हऐवजी ‘नन’ दिसलं, तर मशीनला मेटाडेटा मिळालेलाच नाही, आणि टूल्स तपासण्यात अर्थ नाही. मग मशीनमधून मेटाडेटा सेवेच्या १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर कर्ल (वेब विनंती पाठवणारी आज्ञा) करून बघा. उत्तर येत नसेल तर प्रश्न नेटवर्कचा आहे. राउटर नसलेल्या एकाकी नेटवर्कवर डीएचसीपी एजंटमध्ये आयसोलेटेड मेटाडेटा चालू करावा लागतो, नाहीतर सर्व्हरला कॉन्फिग ड्राइव्ह द्यावा.

उत्तर येतंय, पण क्लाउड-इनिटने ते विचारलंच नाही, असं असेल तर क्लाउड-इनिटच्या कॉन्फिगमधली डेटासोर्सची यादी बघा. दुसऱ्या क्लाउडसाठी किंवा लोकल व्हर्च्युअलायझेशनसाठी तयार केलेली इमेज उचलली की त्यात ही यादी एकाच डेटासोर्सवर बांधलेली सापडते.

युजर डेटाच्या आकारावरही एक नजर टाका. नोव्हा बेस-६४ केलेला ६५५३५ बाइट्सपर्यंतचाच युजर डेटा घेतं, आणि हीट आपली पाकिटं त्यात घालतं तेव्हा तुमच्या स्क्रिप्टला उरलेली जागा कमी होते. पण ही चूक सर्व्हर तयार होतानाच ओरडून सांगते, त्यामुळे ती शोधावी लागत नाही.

पोचला, पण चालला का

माझ्या मते सर्वात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हीटमध्ये सर्व्हरला ‘युजर डेटा फॉरमॅट’ नावाची प्रॉपर्टी असते. तिचे तीन पर्याय: हीट-सीएफएनटूल्स, रॉ आणि सॉफ्टवेअर-कॉन्फिग. काहीच लिहिलं नाही तर हीट-सीएफएनटूल्स धरलं जातं. या प्रकारात हीट तुमची स्क्रिप्ट जशीच्या तशी पाठवत नाही. ती ‘सीएफएन-युजरडेटा’ नावाने एका पाकिटात घालतं आणि सोबत स्वतःच्या काही फाइल्स पाठवतं. त्यातली एक लॉगयुजरडेटा ही पायथन स्क्रिप्ट. क्लाउड-इनिट शेवटच्या टप्प्यात हिला चालवतं, ती तुमची स्क्रिप्ट चालवते, आणि जे झालं ते व्हार-लॉगमधल्या हीट-प्रोव्हिजन लॉगमध्ये लिहिते.

हीट-प्रोव्हिजन लॉगच तयार झालेला नसेल, तर लॉगयुजरडेटा सुरूच झाली नाही असं समजा. क्लाउड-इनिटच्या लॉगमध्ये तिच्या नावापुढे १२७ हा कोड दिसतो का ते बघा. १२७ म्हणजे आज्ञा सापडली नाही. जुन्या हीटकडून आलेल्या लॉगयुजरडेटाच्या पहिल्या ओळीत नुसतं ‘पायथन’ लिहिलेलं असतं, ‘पायथन-३’ नाही. उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये १६.०४ पासून पायथन-३ च येतो आणि ‘पायथन’ या नावाची आज्ञाच नसते. रेडहॅट घराण्यातही आठव्या आवृत्तीपासून ती आपोआप मिळत नाही. आमच्या पहिल्या वेळचं कारण नेमकं हेच होतं. आम्ही इमेजमधलं पॅकेज तीनदा पुन्हा बसवलं, आणि मोडलेली फाइल इमेजमध्ये नव्हतीच. ती हीटच्या कंट्रोलरवरून प्रत्येक बूटला नव्याने येत होती.

तात्पुरता इलाज म्हणजे इमेजमध्ये ‘पायथन’ नावाची लिंक पायथन-३ कडे वळवणं. उबुंटू २०.०४ पासून ‘पायथन-इज-पायथन३’ हे पॅकेज तेच करतं, आणि रेडहॅटच्या आठव्या आवृत्तीत अल्टरनेटिव्ह्जमधून होतं. पक्का इलाज म्हणजे हीट अद्ययावत करणं, किंवा टेम्प्लेटमध्ये स्पष्टपणे ‘रॉ’ लिहिणं. रॉमध्ये हीट मध्ये पडत नाही, आणि तुमची स्क्रिप्ट थेट क्लाउड-इनिटच्या हातात जाते. सीएफएन-इनिटसाठी लागणारा मेटाडेटा टेम्प्लेटमध्ये वापरत नसाल तर मी डोळे मिटून रॉ घ्यायला सांगेन.

याच जागी आणखी एक खड्डा आहे. युजर डेटात शेल स्क्रिप्टऐवजी ‘क्लाउड-कॉन्फिग’ने सुरू होणारं यॅमल दिलं, आणि फॉरमॅट लिहायचा राहिला. लॉगयुजरडेटा ती फाइल प्रोग्रॅम समजून चालवायला जाते, आणि कर्नल नकार देतो. हीट-प्रोव्हिजन लॉगमध्ये युजर डेटा रिकामा आहे किंवा चालवण्याजोगा नाही अशी नोंद होते. पण स्क्रिप्ट बाहेर पडते शून्य कोड देऊन. त्यामुळे क्लाउड-इनिट ‘डन’ म्हणतं, कुठेही चूक दिसत नाही, आणि निरोपही जात नाही. इलाज एका ओळीचा आहे: फॉरमॅट रॉ. पण ती ओळ सापडायला मला एक अख्खी दुपार लागली होती.

टूल आहे का, आणि चालतं का

स्क्रिप्ट चालली, पण ‘सीएफएन-सिग्नल सापडलं नाही’ असं लॉगमध्ये दिसत असेल तर लगेच पॅकेज बसवायला धावू नका. आधी ते कुठे आहे ते शोधा. डिस्ट्रोच्या पॅकेजने बसवलं तर यूएसआर-बिनमध्ये असतं, पिपने बसवलं तर यूएसआर-लोकल-बिनमध्ये, आणि जुनी टेम्प्लेट ऑप्ट-एडब्ल्यूएस-बिनमधला पूर्ण पत्ता लिहितात. त्या लिंक तयार करण्यासाठी पॅकेजमध्येच ‘सीएफएन-क्रिएट-एडब्ल्यूएस-सिमलिंक्स’ नावाचं टूल आहे. त्याला ‘सोर्स’ पर्यायाने खरी डिरेक्टरी सांगायची. पिपने बसवणारे लोक ही पायरी हमखास विसरतात.

टूल आहे, पण उठताच कोसळतं, हा प्रकार जास्त चिवट. हीट-सीएफएनटूल्स ‘बोटो’ या जुन्या लायब्ररीवर उभं आहे. बोटोची शेवटची आवृत्ती २.४९.०, जुलै २०१८ मधली. तिच्या पोटात ‘सिक्स’ लायब्ररीची जुनी प्रत भरलेली आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ वर ती प्रत चालत नाही. लॉगमध्ये ‘बोटो.व्हेंडर्ड.सिक्स.मूव्ह्ज’ सापडलं नाही असा संदेश येतो. उबुंटू २४.०४ मध्ये पायथन ३.१२ आहे, म्हणजे २२.०४ वरून २४.०४ वर उडी मारली की नेमकं इथे अडखळायला होतं. आमची दुसरी वेळ हीच. पायथन ३.१२ मधून ‘डिस्टयुटिल्स’ही काढून टाकलेलं आहे, त्यामुळे त्यावर टेकलेल्या बाकीच्या जुन्या स्क्रिप्टही याच उडीत पडतात.

त्यात पिपने वेगळाच अडथळा उभा केला. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप थेट काही बसवू देत नाही. ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून थांबतो. तिथे ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय देऊन पुढे जाण्याचा मोह होतो. तो टाळा. क्लाउड-इनिट स्वतः त्याच सिस्टिमच्या पायथनवर चालतं. तुमच्या टूलने एखादी लायब्ररी मागे-पुढे केली तर क्लाउड-इनिटच मोडेल, आणि मग मशीनमध्ये एसएसएचची कीसुद्धा पोचणार नाही. टूलसाठी ऑप्टखाली वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि बाहेर फक्त लिंक ठेवा. मात्र हेही लक्षात असू द्या की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पायथनची आवृत्ती बदलत नाही. ३.१२ वर बोटो तिथेही तसाच पडेल. त्यासाठी जुना पायथन सोबत बांधावा लागतो, किंवा टूलच सोडावं लागतं.

मी टूल सोडलं.

कमीत कमी बांधा

वेट कंडिशनचा निरोप म्हणजे शेवटी एक एचटीटीपी पोस्ट विनंती आहे. तिच्यासाठी पायथन, बोटो आणि बाकीचा गोतावळा इमेजमध्ये वागवायची गरज नाही. हीटच्या स्वतःच्या वेट कंडिशन हँडलला ‘कर्ल-सीएलआय’ नावाचा ॲट्रिब्यूट असतो. टेम्प्लेटमध्ये तो स्क्रिप्टच्या जागी भरला की टोकन आणि पत्त्यासकट तयार कर्ल आज्ञा हातात येते. तिला ‘स्टेटस: सक्सेस’ असा छोटा जेसन जोडायचा, झालं. इमेजमध्ये लागतं फक्त कर्ल. तेही अगदी आटोपशीर इमेजमध्ये नसतं, तेव्हा पॅकेजच्या यादीत स्पष्ट लिहा.

पण ही तयार आज्ञा आहे तशी वापरू नका. कर्लला सर्व्हरकडून ४०१ (ओळख नाकारली) किंवा ५०३ (सेवा उपलब्ध नाही) मिळालं तरी ते स्वतः शून्य कोड देऊन बाहेर पडतं, आणि स्क्रिप्टला वाटतं निरोप पोचला. म्हणून ‘फेल’ पर्याय जोडा, म्हणजे अशा वेळी २२ कोड येतो. ‘रिट्राय’ जोडा, आणि नेटवर्क नुकतंच उठत असताना नाकारलेली जोडणीही पुन्हा करून बघावी म्हणून ‘रिट्राय-कनरिफ्यूज्ड’ जोडा. शेवटचा पर्याय कर्ल ७.५२.० पासून आहे. अतिजुन्या इमेजमध्ये नसेल तर शेलचा साधा लूप लिहा.

टोकनची एक गोची सांगायलाच हवी. या आज्ञेतलं टोकन स्टॅक तयार होताना घेतलेलं असतं, आणि कीस्टोनमध्ये (ओपनस्टॅकच्या ओळख तपासणाऱ्या सेवेत) टोकनचं आयुष्य मूळ सेटिंगप्रमाणे ३६०० सेकंद आहे. तुमची आतली उभारणी तासाहून लांबली तर निरोप अगदी व्यवस्थित निघतो आणि ४०१ घेऊन परत येतो. हँडलची सिग्नल पद्धत बदलून ‘सीएफएन-सिग्नल’ केली तर टोकनऐवजी सही केलेली यूआरएल मिळते आणि तासाचं हे बंधन सुटतं. पण जमलं तर मूळ रोगावर औषध द्या. तासभर पॅकेजेस उतरवत बसणाऱ्या सर्व्हरची पॅकेजेस इमेजमध्येच आधी भरून ठेवा.

निरोप बाहेर पडला का

इथे कर्लचा कोड खूप काही सांगतो. ६ आला तर नावाचा पत्ता लागला नाही, ७ आला तर जोडणी झाली नाही, २८ आला तर वेळ संपली, ६० आला तर प्रमाणपत्रावर विश्वास नाही.

७ किंवा २८ असेल तर मशीनमधली यूआरएल वाचा. हीटचा सीएफएन एपीआय ८००० पोर्टवर आणि मुख्य एपीआय ८००४ वर असतो. हीटच्या कॉन्फिगमध्ये मेटाडेटा सर्व्हर आणि वेट कंडिशन सर्व्हर यांचे पत्ते लिहायचे असतात. तिथे १२७.०.०.१ राहिला असेल, किंवा फक्त कंट्रोलरलाच माहीत असलेलं नाव असेल, तर मशीन स्वतःच्याच दारावर टकटक करत बसतं. यात इमेजचा दोष नसतो, पण शिव्या इमेज बनवणाऱ्याला बसतात.

६० मात्र इमेजचं काम आहे. हीट अंतर्गत सर्टिफिकेट ऑथॉरिटीवर चालत असेल तर तिचं मूळ प्रमाणपत्र इमेजमध्ये हवं. डेबियन घराण्यात ते यूएसआर-लोकल-शेअरखालच्या सीए-सर्टिफिकेट्स डिरेक्टरीत ठेवून ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ चालवायचं, रेडहॅट घराण्यात पीकेआयखालच्या अँकर्समध्ये ठेवून ‘अपडेट-सीए-ट्रस्ट’. गंमत पुढे आहे. कर्ल यामुळे सुधारतं, पण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधलं पायथन टूल बहुधा सुधारत नाही, कारण तिथली ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी ‘सर्टिफाय’ पॅकेजमधली स्वतःची यादी वाचते, सिस्टिमची नाही. त्या सेवेच्या युनिट फाइलमध्ये ‘रिक्वेस्ट्स-सीए-बंडल’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सिस्टिमच्या बंडलकडे वळवा.

आणि बिल्डच्या वेळचा प्रॉक्सी इमेजमध्ये राहिला नाही ना, तेही बघा. बिल्ड मशीनला इंटरनेटसाठी प्रॉक्सी लागतो, कोणीतरी तो ईटीसी-एन्व्हायर्नमेंटमध्ये लिहितो, आणि मग तयार मशीनमधून हीटकडे जाणारा प्रत्येक निरोप त्या प्रॉक्सीकडे जाऊन अडतो.

सॉफ्टवेअर डिप्लॉयमेंटची साखळी

इथे वेट कंडिशन नसते. डिप्लॉयमेंट रिसोर्सच ‘इन प्रोग्रेस’ राहतो. पहिली पाहणी ओएस-कलेक्ट-कॉन्फिगच्या जर्नलची. सेवा चालू असेल तर ती मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंदांनी एकदा हीटला विचारते. थांबण्यापेक्षा ‘फोर्स’, ‘वन-टाइम’ आणि ‘डीबग’ हे तीन पर्याय देऊन तीच आज्ञा हाताने चालवा. सगळी साखळी डोळ्यांसमोर एकदा फिरते.

बहुतेक वेळा उत्तर एका ओळीत असतं: ‘स्किपिंग ग्रुप’, आणि पुढे हुक स्क्रिप्ट नाही असं लिहिलेलं. टेम्प्लेटमध्ये ग्रुप ‘अन्सिबल’ लिहिलाय, इमेजमध्ये मात्र फक्त ‘स्क्रिप्ट’चा हुक आहे. ही नोंद फक्त इशारा म्हणून होते आणि साखळी निवांत पुढे जाते. मग हीटला यश कळत नाही आणि अपयशही कळत नाही. व्हार-लिब-हीट-कॉन्फिगखालच्या हुक्स डिरेक्टरीत टेम्प्लेटमधल्या प्रत्येक ग्रुपच्या नावाची, चालवण्याची परवानगी असलेली फाइल आहे की नाही ते मोजून बघा.

इमेजमध्ये बसवताना

इमेज बांधायला डिस्कइमेज-बिल्डर वापरत असाल तर टूल्ससाठी वेगळं एलिमेंट करा. त्याच्या इन्स्टॉल टप्प्यात बसवणं, आणि पोस्ट-इन्स्टॉल टप्प्यात तपासणं. हे तपासणं कधीच वगळू नका. तिथली स्क्रिप्ट साधी असते: सीएफएन-सिग्नलला ‘हेल्प’ देऊन चालवा, पायथनमध्ये बोटो आयात करून बघा, प्रत्येक हुकची फाइल आहे का बघा, कर्ल आहे का बघा. एक जरी फसलं तरी शून्येतर कोड देऊन बाहेर पडा, म्हणजे इमेज तयारच होणार नाही. हे आधी केलं असतं तर आमची दुसरी वेळ बिल्डमध्येच सापडली असती. लक्षात ठेवा, या टप्प्यांत तुम्ही चरूटमध्ये, म्हणजे बूट न केलेल्या इमेजच्या फाइल्समध्ये, असता. तिथे सेवा ‘एनेबल’ करता येते, ‘स्टार्ट’ नाही.

तयार इमेजमध्ये नंतर भर घालण्यासाठी व्हर्ट-कस्टमाइझ सोपं आहे. रेडहॅट घराण्यातल्या इमेजवर ते चालवल्यावर एसईलिनक्सची लेबलं पुन्हा लावली जातात ना, याची खात्री करा. नाहीतर फाइल जागेवर असते, परवानग्या बरोबर असतात, आणि तरीही सेवा तिला हात लावू शकत नाही.

आमची तिसरी वेळ निष्काळजीपणाची. कोणीतरी इमेज एकदा बूट करून, हाताने टूल्स बसवून, तिचाच स्नॅपशॉट घेतला. मशीन-आयडी आत तसाच राहिला. त्या इमेजवर डीएचसीपीची ओळख मशीन-आयडीवरून ठरत होती, त्यामुळे एकाच नेटवर्कवर उठलेली दोन मशीन एकाच पत्त्यासाठी भांडू लागली. निरोप कधी जायचा, कधी नाही. एकच सर्व्हर असलेला स्टॅक पास व्हायचा आणि दोन असलेला फसायचा, म्हणून आम्ही दोन दिवस टेम्प्लेटच चाळत बसलो. बूट केलेल्या मशीनवरून इमेज करायचीच असेल तर ‘क्लाउड-इनिट क्लीन’ लॉगसह चालवा आणि ईटीसीमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा. किंवा बंद इमेजवर व्हर्ट-सिसप्रेप चालवा. मशीन-आयडी रिकामी करणं त्याच्या नेहमीच्या यादीत आहे.

बेस इमेजही बांधून ठेवा. उबुंटूच्या क्लाउड इमेजच्या साठ्यात ‘करंट’ नावाची डिरेक्टरी असते आणि तारखेच्या नावाच्याही असतात. बिल्ड ‘करंट’वर टाकलं तर तुम्ही काहीही न बदलता पाया बदलत राहतो. तारखेची डिरेक्टरी आणि एसएचए-२५६ बेरीज दोन्ही बिल्डच्या फाइलमध्ये लिहा, आणि ती ओळ बदलणं हा वेगळा, दिसणारा बदल असू द्या.

ग्लान्सवर (ओपनस्टॅकच्या इमेज साठ्यावर) चढवण्याआधी

चरूटमधली तपासणी बूट तपासत नाही. त्यासाठी इमेज क्यूईएमयूमध्ये (आपल्याच संगणकावर आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उठवा. क्लाउड-इनिटला युजर डेटा देण्यासाठी ‘सीआयडेटा’ लेबलची छोटी डिस्क लावली की नोक्लाउड डेटासोर्स ती वाचतो. तुमच्या इमेजची यादी ओपनस्टॅक आणि कॉन्फिग ड्राइव्ह एवढ्यावर बांधलेली असेल तर ‘कॉन्फिग-२’ लेबलची डिस्क करा. क्यूईएमयूच्या यूजर-मोड नेटवर्कमध्ये आतल्या मशीनला तुमचं मशीन १०.०.२.२ या पत्त्यावर दिसतं. तिथे आलेली पोस्ट विनंती लिहून ठेवणारा काही ओळींचा एचटीटीपी सर्व्हर ८००० पोर्टवर चालू ठेवा, आणि युजर डेटातून त्याच पत्त्यावर निरोप पाठवा. ठरलेल्या वेळेत विनंती आली तर इमेज पास. यात ओपनस्टॅक कुठेच लागत नाही, त्यामुळे हे प्रत्येक बिल्डमागे आपोआप चालवता येतं.

त्यानंतर खऱ्या ओपनस्टॅकवर एक छोटा स्टॅक: दोन सर्व्हर, दोन्हींचे निरोप मोजणारी एक वेट कंडिशन, मुदत ३०० सेकंद. दोन सर्व्हर मुद्दाम, मशीन-आयडीची चूक एकावर दिसत नाही म्हणून. इमेज तोवर ग्लान्समध्ये खासगी ठेवा. स्टॅक पूर्ण झाला की इमेजच्या प्रॉपर्टीमध्ये बेसची तारीख, पायथनची आवृत्ती आणि टूल्सची आवृत्ती लिहा आणि मगच ती सर्वांना दिसू द्या. पुढच्या वेळी कोणी ‘झिरो ऑफ वन’ घेऊन आलं, तर जुन्या आणि नव्या इमेजच्या या तीन प्रॉपर्टी शेजारी ठेवून बघायच्या, आणि तपास तिथून सुरू करायचा.